संबळ, तुणतुणे आणि शब्द : घरगुती ध्वनिमुद्रणातील मिश्रणाची मूलतत्त्वे

धाराशिव जिल्ह्याच्या (२०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या) पश्चिम सीमेवरील परंडा तालुका भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या गायनपरंपरेचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. परंडा येथे हंसराज स्वामींचा मठ आहे. सीनाकाठच्या डोमगावी समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ असून दासबोधाची जुनी हस्तलिखित प्रत तेथे जपली गेली. सोनारीस काळभैरवनाथाचे देवस्थान आहे. शिवाय तुळजापूर याच जिल्ह्यात असल्याने भवानीचा गोंधळ आणि आराध्यांची गाणी या भागातील घराघरांत परिचयाची आहेत. भजन, भारूड, कीर्तन, गोंधळ, जात्यावरची ओवी असा हा विस्तृत ठेवा आहे आणि त्याचा फार मोठा भाग आजही केवळ कंठात आहे.

हा ठेवा मुद्रित करण्याची साधने आता गावोगावी पोहोचली आहेत. चांगला मोबाइल संच, एक-दोन मायक्रोफोन, ते संगणकास जोडणारी छोटी पेटी आणि ऑडॅसिटीसारखी विनामूल्य संगणकप्रणाली एवढ्यावर शाळेच्या एका खोलीत ध्वनिमुद्रण होऊ शकते. समूहगीते, ग्रामपंचायतीची स्वच्छतागीते, भजनी मंडळांचे कार्यक्रम अशा रीतीने मुद्रित केले जातात. तथापि अशी अनेक मुद्रणे ऐकताना एक दोष वारंवार जाणवतो. संबळ आणि झांज स्पष्ट ऐकू येतात, शब्द मात्र कळत नाहीत. वृद्ध गोंधळ्याने आख्यान सांगितले, ते मुद्रित झाले आणि नंतर कोणासही ते उलगडेना, असे झाले तर मुद्रणाचा हेतूच विफल होतो. पुष्कळदा हा दोष यंत्राचा नसतो, मिश्रणाचा असतो.

मिश्रण म्हणजे काय?

निरनिराळ्या मायक्रोफोनांनी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलेले ध्वनी योग्य प्रमाणात आणून एका किंवा दोन वाहिन्यांत एकत्र करणे, यास मिश्रण किंवा रूढ भाषेत मिक्सिंग म्हणतात. ही कल्पना विद्युतयंत्रांपेक्षा जुनी आहे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायकाने कर्ण्यासमोर गावयाचे आणि वादकांनी वाद्याच्या जोरानुसार मागे-पुढे बसावयाचे, हेच त्या काळचे मिश्रण होते. विद्युत पद्धतीचे ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ झाले. त्यानंतरही मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) तयार झाला तेव्हा पार्श्वगायनाची पद्धत रुळलेली नव्हती. चित्रीकरणाच्या वेळीच गायन होई आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत. आवाजांचा समतोल अंतरानेच साधावा लागे.

आजच्या नवशिक्याने येथूनच आरंभ करणे इष्ट होय. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. गायकाचे तोंड मायक्रोफोनपासून एक फुटावर आणि संबळ आठ फुटांवर ठेवला तर अंतर तीन वेळा दुप्पट झाले. म्हणजे संबळाचा आवाज त्या मायक्रोफोनमध्ये जवळजवळ १८ डेसिबलने कमी येईल. खोलीत भिंतींवरून ध्वनी परावर्तित होत असल्याने प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, तरीही तो मोठाच असतो. एकच मायक्रोफोन असेल तर बैठकीची मांडणी बदलून पाहणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक मिश्रण ठरते. गोंधळात नायक पुढे, तुणतुणे त्याच्या किंचित मागे, झांज आणखी मागे आणि संबळ सर्वांत दूर, अशी मांडणी करून अर्ध्या मिनिटाचे मुद्रण ऐकावे व मगच आख्यानास आरंभ करावा.

खोलीचा प्रश्न

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या जाड भिंती बाहेरचा गलबला चांगला अडवतात. सिमेंटच्या नव्या खोल्यांचे तसे नसते. गुळगुळीत गिलावा आणि फरशी यांमुळे त्यांत आवाज घुमतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी चौकोनी खोली तर मुद्रणास सर्वांत प्रतिकूल समजावी. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर. ध्वनीचा वेग सेकंदास ३४३ मीटरच्या आसपास धरला तर अशा खोलीत ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२ हर्ट्झच्या आसपासचे स्वर अवास्तव फुगतात. तिन्ही बाजू समान असल्याने फुगवटे एकमेकांवर पडतात. पुरुषाच्या आवाजातील खालचे स्वर आणि पखवाजाचा घुमारा नेमके याच टापूत येतात.

उपाय साधा आहे. गायकाच्या मागे व बाजूस दोरीवर गोधड्या अथवा जाड सतरंज्या टांगाव्यात. त्यांनी वरच्या स्वरांचे परावर्तन शोषले जाते. खालच्या स्वरांवर मात्र गोधडीचा फारसा परिणाम होत नाही; म्हणून मायक्रोफोन कोपऱ्यात किंवा खोलीच्या अगदी मध्यावर न ठेवता जागा बदलून पाहावी. पंखा बंद असावा. विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहाची घरघर मुद्रणात उतरत असेल तर संगणकाचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर मुद्रण करून पाहावे; पुष्कळदा तेवढ्यानेच ती थांबते.

पातळी कशी ठेवावी?

अंकीय मुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा होय. तिच्या वर गेलेला ध्वनी कापला जातो आणि फाटलेला आवाज मागाहून पूर्ववत करणे बहुधा अशक्य असते. म्हणून २४ बिटांवर मुद्रण करावे आणि गायनाची उंचात उंच टोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील इतकीच पातळी ठेवावी. गोंधळात आवाहनाच्या वेळी आवाज एकाएकी चढतो. पातळी ठरविताना कलावंतास तोच भाग म्हणावयास सांगावे, सौम्य आरंभावरून अंदाज बांधू नये. मोबाइलवर मुद्रण करताना आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय शक्य असल्यास बंद करावी. ती चालू राहिल्यास संबळाच्या प्रत्येक थापेबरोबर गायकाचा आवाज खाली दबतो.

अनेक ट्रॅक एकत्र केले की बेरीज वाढते. समान पातळीचे दोन भिन्न ध्वनी मिळून सुमारे ३ डेसिबलची भर पडते. आठ ट्रॅकांची भर ९ डेसिबलच्या घरात जाते. यास्तव मिश्रणाच्या आरंभी सर्व फेडर खाली आणावेत. प्रथम शब्द ज्या ट्रॅकवर आहेत तो वर घ्यावा आणि उरलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या संदर्भात हळूहळू चढवावी. नवशिक्याचा क्रम बहुधा उलटा असतो: तो तालवाद्यांपासून आरंभ करतो आणि शेवटी गायकासाठी जागाच उरत नाही. एखादे वाद्य ऐकू येत नाही असे वाटल्यास ते चढविण्याऐवजी त्यास झाकणारे दुसरे वाद्य उतरवून पाहणे अधिक हितावह असते.

१ एप्रिल १९५५ पासून वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झालेले गीतरामायण हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत यांनी सिद्ध झालेली ही मालिका त्या काळच्या साध्या, एकवाहिनी रेडिओसंचांवर ऐकली गेली. डावे-उजवे असा भेद नव्हता, खालचे स्वर त्या संचांतून पुरेसे येत नव्हते, तरीही कथा श्रोत्यांपर्यंत पोहोचली. शब्दास अग्रस्थान देणारी वाद्यरचना हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

प्रत्येक ध्वनीची जागा

मानवी कानास साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वयपरत्वे वरची मर्यादा खाली येते. या पट्ट्यात प्रत्येक वाद्य आपापली जागा व्यापते आणि दोन वाद्ये एकाच जागी आली की प्रबळ वाद्य दुर्बळास झाकून टाकते. इक्वलायझर हे साधन या पट्ट्यातील एखादा भाग कमी वा अधिक करते. गायकाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झखालील भाग (स्त्रीच्या आवाजात १०० हर्ट्झखालीलही) काढून टाकल्यास शब्दांची हानी होत नाही, उलट पायांचा धक्का आणि वाऱ्याची घरघर नाहीशी होते. २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान अनेक ध्वनींचा गाळ साचतो. तेथे वाद्यांच्या ट्रॅकवर दोन-तीन डेसिबलची काटछाट पुरते. शब्दांची स्पष्टता मुख्यतः २,००० ते ५,००० हर्ट्झ या टापूतील व्यंजनांवर अवलंबून असते. झांज आणि टाळ यांचा झणत्कार नेमका याच टापूत आणि त्याच्या वर पसरलेला असतो. त्यामुळे टाळकऱ्यांच्या ट्रॅकवर हा भाग किंचित उतरविला की गायकाचा आवाज न वाढविताही शब्द उमटू लागतात. वाढविण्यापेक्षा घटविण्याकडे कल ठेवावा. दहा डेसिबल वाढविण्याची पाळी आली तर मायक्रोफोनची जागा चुकली असे समजावे.

चर्मवाद्यांविषयी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. सामान्य ढोलाच्या ध्वनीतील उपस्वर परस्परांशी सुसंवादी नसतात. शाई लावलेल्या मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांत मात्र ते सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. व्यवहारात याचा अर्थ असा की तबला-पखवाज हे स्वरात लावावयाचे वाद्य आहे. ते बेसूर असल्यास कोणतेही मिश्रण ते सुधारू शकत नाही. पेटीच्या पट्टीशी पखवाज जुळवून घेण्यात दहा मिनिटे गेली तरी ती वाया गेली असे मानू नये.

पखवाजाच्या दोन्ही मुखांशी दोन मायक्रोफोन लावले तर दोन्हींचे तरंग परस्परविरोधी होऊन घुमारा नष्ट होण्याचा संभव असतो. संगणकप्रणालीत एका ट्रॅकचा तरंग उलटा करण्याची सोय असते. ती चालू व बंद करून पाहावी आणि ज्या स्थितीत आवाज भरीव येईल ती कायम ठेवावी. याच कारणास्तव दोन गायकांच्या दोन मायक्रोफोनांमधील अंतर, गायक आपल्या मायक्रोफोनपासून जितका दूर असेल त्याच्या निदान तिप्पट असावे असा संकेत आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एकच आवाज दोन मायक्रोफोनांत एवढ्या फरकाने पोहोचला आणि दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ अशा ठिकाणी तो स्वतःलाच छेदतो आणि नळीतून आल्यासारखा पोकळ भासतो.

चढ-उतार आणि घुमारा

कॉम्प्रेसर हे उपकरण ठरावीक मर्यादेवर गेलेल्या आवाजास आवर घालते. मर्यादा उणे १८ डेसिबल आणि प्रमाण तीनास एक ठेवले तर उणे ९ वर गेलेली तान, म्हणजे मर्यादेच्या ९ डेसिबल वर असलेली, केवळ ३ डेसिबल वर राहते आणि उणे १५ वर येते. कुजबुज व ललकारी यांतील दरी त्यामुळे कमी होते आणि शब्द सलग ऐकू येतात. गायनासाठी तीन ते सहा डेसिबलपेक्षा अधिक आवर सहसा घालू नये. कीर्तनकार जाणीवपूर्वक आवाज खाली आणतो, क्षणभर थांबतो, मग चढवितो. हा त्याच्या कलेचा भाग आहे आणि तो सपाट करण्याचा अधिकार मुद्रण करणाऱ्यास नाही.

रिव्हर्ब म्हणजे कृत्रिम घुमारा. नवशिक्यांचा सर्वाधिक मोह येथेच होतो. सभामंडपाचा आभास व्हावा म्हणून तो सढळ हाताने घातला जातो आणि एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. एक ते दीड सेकंदात विरणारा, मूळ शब्दानंतर २० ते ३० मिलिसेकंदांनी सुरू होणारा घुमारा पुरेसा असतो. तो कानास स्वतंत्रपणे जाणवेपर्यंत चढवावा आणि मग थोडा उतरवावा. ओवीस तो बहुधा लागतच नाही.

ओवीचा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडणे अवश्य आहे. हेमा राईरकर व गी प्वाटव्हँ यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतील अनेक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात मुद्रितही झाल्या असून २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहातून त्या प्रकाशित होत आहेत. गिरण्या आल्यावर जाती कोपऱ्यात गेली. ओवी येणाऱ्या बहुतेक स्त्रिया आज वृद्ध आहेत. त्यांचे मुद्रण दुसऱ्यांदा करण्याची संधी मिळेलच असे नाही. अशा वेळी मुद्रण ‘स्वच्छ’ करण्याच्या हेतूने गोंगाट घालविणारी संगणकप्रणाली चालविली जाते. ही प्रणाली जो ध्वनी अखंड आणि एकसारखा चालू असेल त्यास गोंगाट समजते. जात्याची घरघर एकसारखी असते. तुणतुण्याची तार एकसारखी असते. तंबोऱ्याचा षड्ज तर अखंडच असतो. यंत्राच्या हिशेबी हे तिन्ही गोंगाटच ठरतात. ते पुसताना स्वरांच्या कडाही पुसल्या जातात आणि वृद्धेचा कापरा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. जात्याच्या लयीवर ओवी चालते. ती लय काढली की उरते ते पाठांतर. म्हणून पंख्याचा आवाज घालवावयाचा असेल तर पंखा बंद करणे हाच खरा उपाय होय, आणि जात्यासाठी वेगळा मायक्रोफोन जमिनीलगत ठेवून त्याचा ट्रॅक गायनाखाली हलकेच ठेवावा.

काही मिनिटांत स्वयंचलित मिश्रण करून देणाऱ्या प्रणाल्याही आता मिळतात. समूहगीतासाठी त्यांचा उपयोग होत असेल तर अवश्य करावा. परंतु त्यांचे साचे बहुधा पाश्चात्य धर्तीच्या गीतांवरून घडलेले असतात आणि गोंधळातील संवाद, मध्येच येणारे गद्य, झिलकऱ्यांची साथ यांची त्यांना ओळख असेलच असे नाही.

डावे, उजवे आणि कर्णा

दोन वाहिन्यांच्या मुद्रणात ध्वनी डावीकडे वा उजवीकडे सरकविता येतो. ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये या पद्धतीचे एकस्व मागितले. आज ती प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. गायक मध्यभागी, संबळ किंचित एका बाजूस, झांज दुसऱ्या बाजूस अशी रचना केल्यास गर्दी कमी होते. परंतु ग्रामीण श्रोता हे मुद्रण कोठे ऐकणार, याचा विचार अगोदर झाला पाहिजे. मंदिराच्या शिखराजवळील कर्णा, कचरा गोळा करणाऱ्या गाडीवरचा कर्णा, शाळेचा ध्वनिक्षेपक ही सर्व एकवाहिनी साधने होत. कित्येकदा त्यांना दोहोंपैकी एकच वाहिनी जोडलेली असते. एखाद्याने हौसेने पूर्ण डावीकडे ठेवलेला झिलकऱ्यांचा आवाज अशा ठिकाणी नाहीसाच होईल. शिवाय कर्ण्यातून व मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून २००–३०० हर्ट्झखालील स्वर फारसे येत नाहीत. हेडफोनवर दमदार वाटलेला पखवाज तेथे नुसती टिचकी होतो.

म्हणून मिश्रण पूर्ण झाल्यावर ते एकवाहिनी करून ऐकावे, मग मोबाइलवर ऐकावे, आणि शक्य असल्यास दिवसा, परवानगीच्या मर्यादेत, शाळेच्या ध्वनिक्षेपकावर एकदा लावून पाहावे. ऐकताना आवाज लहान ठेवावा. मोठ्या आवाजात कानास खालचे आणि वरचे स्वर अधिक भासतात, ही गोष्ट फ्लेचर व मन्सन यांच्या १९३३ च्या प्रयोगांपासून सर्वमान्य आहे. परिणामी मोठ्या आवाजात सर्वच मिश्रणे चांगली वाटतात. लहान आवाजात शब्द कळले तर ते सर्वत्र कळतील. ज्याने ते गीत पूर्वी कधी ऐकले नाही अशा व्यक्तीस ऐकवून तिच्याकडून शब्द लिहवून घेणे ही याहून उत्तम कसोटी. शाळेत तर ती सहज शक्य आहे. मिश्रण करणाऱ्यास शब्द पाठ झालेले असतात, त्यामुळे त्याच्या कानावर या बाबतीत विसंबता येत नाही. दीड-दोन तासांनी कान थकतो, तेव्हा काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.

अंतिम प्रत तयार करताना उंचात उंच टोक उणे १ डेसिबलपर्यंत ठेवावे. मुद्रण इतरांपेक्षा मोठे वाजावे म्हणून ते दाबून फुगविण्यात लाभ नाही. यूट्यूबसारख्या सेवा फार मोठे मुद्रण वाजविताना स्वतःच खाली आणतात.

जतन आणि संमती

मिश्रण हा एक निर्णय आहे आणि तो उद्या बदलावासा वाटू शकतो. मूळ ट्रॅक जपलेले असतील तरच तसे करता येते. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांवर घेतलेला एक ट्रॅक मिनिटास सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेतो. चार ट्रॅकांचे पाच मिनिटांचे गीत पावणेदोनशे मेगाबाइटच्या आत बसते. एवढ्या जागेसाठी मूळ ट्रॅक पुसून टाकण्याचे कारण नाही. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवावे आणि इतरांस पाठविण्यापुरतीच एमपी-थ्री प्रत काढावी, कारण या प्रतीत गाळला गेलेला अंश परत मिळत नाही.

गीत परंपरागत असले तरी ते गाणाऱ्याचा त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांच्या या हक्काची तरतूद झाली आणि १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षे करण्यात आली. मुद्रणापूर्वी कलावंतास त्याचा उपयोग कोठे होणार हे समजावून सांगून संमती घ्यावी. लिहिता न येणाऱ्या वृद्धेची संमती मुद्रणाच्या आरंभीच तिच्याच आवाजात घेता येते. त्याच वेळी तिचे नाव, गाव, दिनांक आणि हे गीत तिने कोणाकडून शिकले, हे तिच्याकडून वदवून घ्यावे. धारिकेचे नावही याच क्रमाने द्यावे. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक कलावंताच्या घरी असावी. घरच्या प्रतीसाठी लहान मेमरी कार्ड पुरते.